ताईचा नवा खुबा

६ जानेवारी

डॉक्टर म्हणाले, दुखणं कधी वाढतं, कशाने वाढतं ते रोज लिहून ठेवा. ताई म्हणाली, "दुखायचं काम मी करते, लिहायचं ही माझी धाकटी करेल. दुसऱ्याच्या भानगडी लिहायची हिला हौसच आहे."

तर आजचं दुखणं. सकाळी उठताना जास्त. बसून उठलं की जास्त. उजव्या जांघेत कळ निघते आणि गुडघ्यापर्यंत उतरते. दुपारी बरं होतं असं ताईचं म्हणणं. पण मी शाळेतून आले तेव्हा ती उजवा पाय उचलून, बगळ्यासारखी उभी राहून कापड कापत होती. विचारलं तर म्हणाली, "दुखत नाहीये गं, कंटाळलाय तो."

पान उरलंय म्हणून लिहिते. दुसऱ्या मजल्यावर आम्ही दोघीच राहतो. पुढची खोली ताईच्या शिवणकामाची. लोक सैल कपडे आणतात, घट्ट करून नेतात; घट्ट आणतात, सैल करून नेतात. ताई माझ्याहून आठ वर्षांनी मोठी. आई गेली तेव्हा मी शाळेत होते. सगळे रडत बसले होते आणि ताई माझ्या गणवेशाची दुमड उसवून उंची वाढवत होती. तेव्हापासून ती माझी उंची वाढवतेच आहे. लग्न तिने केलं नाही, माझं जमलं नाही. मी शाळेच्या प्रयोगशाळेत काम करते, थोड्याच दिवसांत निवृत्त होईन, तरी घरात मी अजून 'छोटी'च.

९ जानेवारी

डॉक्टरांनी एक्स-रे उजेडासमोर धरला. डाव्या खुब्यात हाडाचा चेंडू आणि त्याची वाटी यांच्यामध्ये एक काळी रेघ दिसते. तिथे कूर्चा असते, सांध्यातली गादी. उजवीकडे रेघच नाही. हाडावर हाड घासतंय.

"मग ठिगळ लावा की," ताई म्हणाली.

"ठिगळाची वेळ गेली आजी. आता नवीनच बसवायला हवा."

"आजी" ऐकून ताईचा चेहरा असा झाला की खुबा राहिला बाजूला, याच डॉक्टरांची हाडं मोजायची वेळ येते की काय असं मला वाटलं. घरी येताना एवढंच म्हणाली, "नाही करायचं. जन्मासोबत आलंय ते जन्मासोबत जाईल."

१० जानेवारी

प्रयोगशाळेतल्या सांगाड्याला मुलं 'जुने हेडमास्तर' म्हणतात. आज मधल्या सुट्टीत त्यांचा खुबा हलवून बघितला. चेंडू वाटीत गोल फिरतो. किती साधी गोष्ट आहे. एवढ्याशा गोष्टीसाठी माझी ताई रडते. माझ्यासमोर नाही रडत. न्हाणीघरात नळ मोठा सोडते, त्यावरून कळतं.

१७ जानेवारी

माझ्या चष्म्याची दांडी निखळली म्हणून कोपऱ्यावरच्या चष्म्याच्या दुकानात गेले होते. ते चष्मेवाले फार हळू काम करतात. एक स्क्रू बसवायला कोण एवढा वेळ लावतं? बोलता बोलता ताईच्या खुब्याचा विषय निघाला. ते एकदम उठले आणि दुकानात इकडून तिकडे चालून दाखवायला लागले.

"सांगा, कुठला पाय?"

मला ओळखता येईना.

"डावा. मागच्या वर्षी बदलला. आधी मी काउंटर धरून धरून चालायचो. तुम्ही बघितलं असेल."

मी नव्हतं बघितलं. म्हटलं, आमच्या ताईला येऊन जरा समजवाल का? ते म्हणाले, आजच येतो.

माणूस भला आहे. बायको जाऊन बरीच वर्षं झाली, एकटेच असतात. आले ते घामाघूम होऊन. सारखे माझ्याकडेच बघत होते, बहुतेक ताईच्या नजरेला नजर द्यायचं धाडस नसावं. तसं ते कोणालाच नसतं.

ताईने आधी त्यांच्या पँटची शिवण तपासली, मग त्यांनाच तपासलं. ऑपरेशन किती वेळ चाललं, शुद्ध होती का, दुखलं किती, हे विचारणं ठीक. पण घरी स्वयंपाक कोण करतं? रागीट आहात का? झोपेत घोरता का? मला तर मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांनी मात्र सगळी उत्तरं दिली. घोरतात म्हणाले, थोडंसं.

जाताना ते माझ्यासमोर थांबले, "दांडी अजून एका बाजूला वर आहे," म्हणून चष्मा काढून घेतला, सरळ करून दिला.

ते गेल्यावर ताईने हातातली कात्री खाली ठेवली. मग म्हणाली, "डॉक्टरला सांग, तारीख दे म्हणावं."

मी इतके दिवस घसा कोरडा करत होते, त्याचं काही नाही.

२ फेब्रुवारी

तारीख ठरली आहे, पण ताईचं भलतंच काहीतरी चाललंय. नवीन कामं घेणं बंद केलंय आणि माझे कपडे काढून बसलीय. सगळे. कोटाचं अस्तर बदललं, प्रत्येक बटण पुन्हा दुहेरी दोऱ्याने लावलं, जिथे धागाही सुटला नव्हता तिथे शिवण मारली. म्हटलं, ताई, जरा आराम कर. म्हणाली, "हात रिकामे राहिले की डोकं चालतं."

संध्याकाळी मला मशीनमध्ये दोरा ओवायला शिकवलं. गॅस कंपनीचा नंबर, छतावरच्या टाकीचा कॉक, गच्चीच्या दाराला कुठून धक्का द्यायचा, सगळं सांगितलं. मी म्हटलं, "चार दिवस दवाखान्यात जातेस, देशांतराला नाही."

"ऐकून ठेवायला काय पैसे पडतात?"

तिचा मूळ स्वभावच हुकूम सोडण्याचा. अशा वेळी आणखी वाढतो.

८ फेब्रुवारी

चष्मेवाले येऊन गेले. वर्तमानपत्रात गुंडाळलेलं, सुतळीने बांधलेलं मोठं काहीतरी घेऊन जिना चढले. मला वाटलं फुलदाणी. उघडलं तर कमोडवर बसवायची उंच सीट!

"माझीच आहे," ते म्हणाले आणि कानापर्यंत लाल झाले. "म्हणजे... उकळत्या पाण्याने धुतलीये. दोनदा. ऑपरेशननंतर खाली बसायचं नसतं. गुडघा खुब्याच्या वर गेला की सांधा निसटू शकतो."

स्वतःच बसवून दिली, हलते का ते दाबून पाहिलं. ताई दारातून म्हणाली, "लोक फुलं आणतात."

"फुलांवर बसता येत नाही," ते म्हणाले.

ताई इतकी हसली की तिला भिंत धरावी लागली. तिला असं हसताना किती दिवसांनी बघितलं! मी पण हसले. पण मग पाणी प्यायला आत गेले तेव्हा मनात पाल चुकचुकली. हे एवढं सगळं एका शेजाऱ्यासाठी कोण करतं?

९ फेब्रुवारी

ऑपरेशनला न्यायला आले तेव्हा ताईने माझा हात सोडला नाही. स्ट्रेचरबरोबर मी दारापर्यंत चालत गेले. तिथे परिचारिका म्हणाल्या, आता सोडा. ताई मला म्हणाली, "दुपारी खाऊन घे. उपाशी बसू नकोस." आणि मग त्यांना म्हणाली, "हिला कोणी सांगितल्याशिवाय ही खात नाही."

बाहेरच्या बाकावर चष्मेवाले आधीच येऊन बसले होते. दुकान बंद ठेवून! दोन डबे आणले होते. मी म्हटलं भूक नाही. म्हणाले, "ताईंनी सांगून ठेवलंय, खाल्लं नाही तर मला जाब द्यावा लागेल."

म्हणजे यांचं आपसात बोलणंही ठरलेलं असतं.

डॉक्टर बाहेर आले, हसत होते. सगळं नीट झालं. मी त्यांना "बाळा" म्हणाले. तोंडातून निघून गेलं.

१० फेब्रुवारी

उभी राहिली! वॉकर धरून, दोन्हीकडून दोघं, पण उभी. पाऊल टाकलं, थांबली, चेहऱ्यावर काहीतरी शोधत असल्यासारखं. मी घाबरून विचारलं, "दुखतंय?"

"टाके दुखतायत. पण ते... ते दुखणं नाहीये गं छोटे. गेलं ते." आणि सगळ्यांसमोर, नळ वगैरे न सोडता, रडली.

२१ फेब्रुवारी

ताई घरी आहे. नियम मी स्वयंपाकघराच्या भिंतीवर लावलेत. काटकोनाच्या पलीकडे वाकायचं नाही. पायावर पाय टाकायचा नाही. झोपताना दोन्ही पायांमध्ये उशी. खाली पडलेली वस्तू उचलायची नाही, हाक मारायची. ताई दर थोड्या वेळाने हाक मारते. टाचणी पडली, खडू पडला, दोरा पडला. आज मी ओरडले, "मुद्दाम पाडतेस का?" तर म्हणे, "तुझा व्यायाम होतो."

मी केलेलं सूप प्यायली आणि म्हणाली, "चव आहे. कशाची ते विचारू नकोस."

चष्मेवाले रोज संध्याकाळी येतात. ताई व्यायाम करते, ते बाजूला उभं राहून सांगतात, टाच आधी, मग बोटं. मग चहा. त्यात ताई माझंच पुराण लावते. छोटीने शाळेत एकदा साप पकडला. छोटी गाते, सांगितलं तर गाणार नाही. ते ऐकत बसतात. मला तर वाटतं स्वतःबद्दल बोलायला ताईला संकोच वाटत असणार, म्हणून माझी ढाल करते. या वयात असं होत असेल.

१ मार्च

लिहू की नको. लिहिते.

ताई मनाने त्यांच्यात गुंतली आहे. आणि तेही. मला आनंद व्हायला हवा. जन्मभर तिने माझ्याशिवाय कोणाचा विचार केला नाही. आता तिला कोणी मिळत असेल तर मी कोण मध्ये येणारी? पण आज ते गेल्यावर ताई म्हणाली, "माणूस सोन्यासारखा आहे, नाही का?" आणि मी कप उचलून आत निघून गेले. ती त्यांच्याकडे राहायला गेली तर ही पुढची खोली रिकामी होईल. मशीनचा आवाज येणार नाही. मला मशीनच्या आवाजाशिवाय झोप लागत नाही, हे तिलाही माहीत नाही.

अजून वाईट म्हणजे, ते हसले की मलाच आधी हसू येतं. ताईच्या माणसाबद्दल असं वाटावं? छी.

४ मार्च

दुकानात जाऊन सांगून आले. "ताई आता बरी आहे. तुम्हाला रोज त्रास नको."

ते हातातली काच पुसत होते. पुसतच राहिले. "त्रास नव्हता," म्हणाले. मग, "हे तुम्हाला वाटतं की ताईंना?"

"मला."

"बरं."

बाहेर आले तेव्हा बरं वाटायला हवं होतं. अजिबात वाटलं नाही. बहुधा उन्हामुळे.

९ मार्च

ते आले नाहीत. ताई रोज विचारते. मी म्हणते, दुकानात गर्दी असेल. ताई म्हणाली, "त्यांच्या दुकानात? आठवड्यात एक म्हातारा येतो आणि काच पुसून जातो."

व्यायामात लक्ष नाही तिचं. मी सांगते टाच आधी, ती आधी बोटं टाकते.

१२ मार्च

दवाखान्यातल्या बाकावर बसून लिहिते आहे.

दुपारी शाळेतून लवकर आले. किल्लीने लॅच उघडलं तर ताई दारामागे जमिनीवर. उजवा पाय आखूड दिसत होता आणि आतल्या बाजूला वळलेला. एक चप्पल पायात, एक हातात. पट्टा लावायला वाकली आणि सांधा निसटला. चेहरा चुन्यासारखा पांढरा, पण मला म्हणते, "किंचाळू नकोस, वरचे लोक येतील."

"चप्पल कशाला घातलीस? कुठे निघाली होतीस?"

"चष्म्याच्या दुकानात. म्हटलं बघू काय बिघडलंय."

मी रुग्णवाहिकेला फोन केला. नंबर बरोबर लागला, पत्ता बरोबर सांगितला, तिच्या पायाला हात न लावता डोक्याखाली उशी दिली. मग काय झालं ते आठवत नाही. एवढं आठवतं की मी रस्त्यावर अनवाणी धावत होते आणि चष्मेवाल्यांच्या दुकानाचं दार ढकलून म्हणाले, "चला." त्यांनी एका शब्दानेही विचारलं नाही.

ताईला आत नेलंय. डॉक्टर म्हणतात, भूल देऊन ओढून बसवतील, बहुतेक कापावं लागणार नाही. बहुतेक! हा काय शब्द झाला?

मी चष्मेवाल्यांना म्हटलं, "माझ्यामुळे झालं. मी तुम्हाला यायला मनाई केली."

"हो," ते म्हणाले. "पण मीसुद्धा लगेच ऐकलं. एवढं लगेच ऐकायला नको होतं."

त्यांनी स्वतःच्या चपला काढून माझ्या पायांपुढे सरकवल्या. फरशी गार आहे म्हणाले. केवढ्या मोठ्या आहेत.

१३ मार्च

बसला. कापावं लागलं नाही. नव्या सांध्याला काही झालेलं नाही, पण आता काही आठवडे कंबरेला आणि मांडीला आधाराचा पट्टा बांधून राहायचं.

ताई शुद्धीवर आली तेव्हा तिथे मी एकटीच होते. म्हटलं, आत्ता नाही बोललं तर कधीच नाही. तिचा हात धरला आणि सांगून टाकलं. "ताई, मी चुकले. तुला ते आवडतात हे मला कळतं. तू खुशाल त्यांच्याशी लग्न कर. मी मध्ये येणार नाही. मी सूप करायला शिकलेय."

ताई माझ्याकडे बघत राहिली. मग तिचं पोट हलायला लागलं. मग खांदे. डोळ्यांतून पाणी. परिचारिका धावत आली, "आजी, हसू नका! पट्टा सैल होईल!" ताईला "आजी" म्हटल्याचाही राग आला नाही.

"छोटे," ती शेवटी म्हणाली, "तुझा चष्मा बदलायला हवा."

मी म्हटलं, "नंबर मागच्याच महिन्यात तपासलाय. त्यांनीच तपासला. दोनदा."

तर ती पुन्हा सुरू. भुलीचा परिणाम असणार. डॉक्टरांना विचारलं, ते म्हणाले, होतं कधीकधी.

३० मार्च

चष्मेवाले पुन्हा येतात. ताईचा पट्टा बघायला येतात म्हणायचं, तर पट्ट्याकडे ढुंकूनही बघत नाहीत. आज मी भांडी घासत होते तेव्हा ते पुसायला उभे राहिले. काचेचे ग्लास तर असे पुसले की दिसेनासे झाले. बोलता बोलता मी गुणगुणत होते, हे ते थांबल्यावर कळलं. ते हातात ग्लास घेऊन नुसते उभे.

"ताई म्हणाल्या होत्या, सांगितलं तर गात नाही. म्हणून सांगितलं नाही," ते म्हणाले.

ताई बाहेरून मशीन जोरात चालवत होती. तिच्याकडे सध्या एकही काम आलेलं नाही.

२० एप्रिल

पट्टा सुटला. काठी घेऊन ताई आज एकटी खाली उतरली. मला सोबत यायला बंदी. मी खिडकीतून बघत होते. लंगडत नाही! किती वर्षांनी तिची सरळ चाल बघितली. आईसारखी चालते ती. मला ठाऊकच नव्हतं.

कोपऱ्यावर वळली आणि थेट चष्म्याच्या दुकानात शिरली. बराच वेळ बाहेर आली नाही. मी मनाची तयारी केली. परत आली तेव्हा तिच्यासमोर पाणी ठेवलं आणि म्हटलं, "ठरलं का?"

"ठरलं. ते रविवारी दुपारी येतायत. मी नसेन, मला बाजारात जायचंय, अस्तराचं कापड बघायचंय."

"अगं, मग ते कशाला येतायत? मी एकटी काय बोलू त्यांच्याशी?"

ताईने पाणी संपवलं. पेला ठेवला. म्हणाली, "माझा पाय सोडून काहीही."

मी म्हटलं, म्हणजे काय? तिने उठून माझा तो बरा पोशाख काढला आणि कंबरेत घट्ट करायला घेतला. हातात टाचण्या, तोंडात टाचण्या. मी समोर उभी. ती म्हणाली, "सरळ उभी राहा." मी सरळ उभी राहिले आणि मला एकदम कळलं. सगळं. जानेवारीपासूनचं. टाचणी टोचली तरी मी हलले नाही.

"ताई, आणि तू?"

"मी इथेच. मशीन कुठे जातंय? आणि कोपरा काय परदेशात आहे? मला पाय आहे आता."

२४ एप्रिल

ते आले. हातात काहीच नव्हतं, त्यामुळे हातांचं काय करावं त्यांना कळेना. मलाही माझ्या हातांचं कळेना. सुरुवातीला दोघंही ताईच्या पायावर येऊन पोचलो आणि दोघंही अडखळून थांबलो. मग त्यांनी विचारलं, तो साप नक्की कसा पकडलात? मी सांगितलं. मग त्यांनी त्यांच्या बायकोबद्दल सांगितलं, ती कशी हसायची ते. मग मी त्यांना जुन्या हेडमास्तरांबद्दल सांगितलं, मधल्या सुट्टीत मी त्यांचा खुबा हलवून बघते ते. ते म्हणाले, एकदा ओळख करून द्या. मग आणखी काय काय बोललो, ते इथे लिहिणार नाही.

चहा दोनदा गार झाला. खोलीतलं ऊन भिंतीवर चढून गेलं तेव्हा मला जाणवलं की दार उघडं आहे. ताई उंबऱ्यात उभी होती, एका हातात काठी, दुसऱ्या हातात अस्तराची गुंडाळी. कधीची आली होती कोण जाणे. धापही लागलेली नव्हती.

मी दचकून उठले. "ताई! कधी आलीस?"

"झाला बराच वेळ," ती म्हणाली. "नवा पाय आहे म्हणून उभी राहिले. आता कोणी मला बसा म्हणेल का?"